मदत हवी आहे: बाळाला शिरेतून दिल्या जाणाऱ्या लिपिडविषयी (मेदयुक्त द्रावाविषयी)

माझ्या धाकट्या बहिणीचे बाळ तिसाव्या आठवड्यातच जन्मले असून गेले 16 दिवस ते सोलापुरातील एका रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागात आहे. आतड्यांना सूज आल्यामुळे दूध बंद आहे, त्यामुळे ग्लुकोज आणि अमिनो आम्लांबरोबर दुधासारखे पांढरे लिपिड पंपाद्वारे अगदी सावकाश, दिवसभर शिरेतून दिले जाते. उजेडाने ते खराब होऊ नये म्हणून सिस्टर सिरिंज व नळी झाकून ठेवतात.

सोयाबीन तेल, अंड्यातील फॉस्फोलिपिड आणि ग्लिसरीन असलेल्या 20 टक्के द्रावाच्या एका मिलिलिटरमधून सुमारे 2 किलोकॅलरी मिळतात, शिवाय मेंदूच्या वाढीसाठी आवश्यक मेदाम्लेही त्यातूनच मिळतात, हे डॉक्टरांनी आम्हाला शांतपणे समजावले. मात्र वेग वाढल्यास रक्तातील ट्रायग्लिसराइड (मेदाचा एक प्रकार) वाढते आणि अनेक आठवडे दिल्यास पित्त तुंबून यकृताला इजा होऊ शकते, ही बाजू मनातून जात नाही. कालच्या तपासणीत ट्रायग्लिसराइड वाढलेले आढळल्याने मात्रा कमी केली आहे, आणि बाळाचे डोळेही मला पिवळसर वाटले.

यकृत जपण्यासाठी ज्यांच्या बाळाला माशाच्या तेलाचा अंश असलेले लिपिड दिले गेले, त्यांना ते सोलापुरात मिळाले की पुण्याहून मागवावे लागले? यकृताच्या कोणत्या तपासण्या किती दिवसांनी होत असत? निर्णय डॉक्टरांचाच राहील. उद्या सकाळी त्यांच्याशी बोलताना नेमके काय विचारावे, एवढे कृपया आज रात्रीपर्यंत सांगावे.