दोन किलोंचा कॅमेरा, कडेवर मूल आणि अजिंठ्याची सहल: हलके साहित्य कोणते घ्यावे?

प्रश्न: लातूरकर

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहा जण, म्हणजे आई-बाबा, आम्ही दोघे आणि नऊ व चार वर्षांच्या दोन मुली, लातूरहून पैठण, वेरूळ, दौलताबाद आणि अजिंठा अशी चार दिवसांची सहल करणार आहोत. माझ्याकडे २०१६ साली घेतलेला निकॉन डी७२०० हा डीएसएलआर आहे आणि त्याच्यासोबत १८-१४० व ७०-३०० मिमी अशा दोन लेन्स आहेत (आकडा लहान तितके दृश्य रुंद, मोठा तितके दूरचे जवळ). परवा हे सगळे ओळखीच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून पाहिले. बॅटरी आणि कार्डासह बॉडी ७६५ ग्रॅम, पहिली लेन्स ४९० आणि दुसरी ७४५ ग्रॅम भरली, म्हणजे बरोबर दोन किलो. बॅग, चार्जर आणि ट्रायपॉड धरला तर हा आकडा चार किलोंच्या जवळ जातो.

गेल्या पावसाळ्यात आम्ही नळदुर्गला पाणी महाल पाहायला गेलो होतो. धाकटी पूर्ण वेळ कडेवर होती आणि गळ्यातला कॅमेरा तिच्या गुडघ्यांना सारखा लागत होता, म्हणून अर्ध्या तासात तो गाडीत नेऊन ठेवला. पुढचे सगळे फोटो मोबाइलवर काढले आणि त्यांतले निम्मे हललेले आले. दुसरी गोष्ट मला अधिक लागून राहिली आहे. बाबांना फोटो काढायची हौस आहे, पण त्यांचा हात आता थरथरतो आणि एवढे वजन त्यांना पेलत नाही. पत्नीलाही तो कॅमेरा अवघड वाटतो. त्यामुळे आमच्या घरच्या दहा वर्षांच्या फोटोंमध्ये मी जवळजवळ कुठेच नाही.

जुने साहित्य विकून काही रक्कम येईल, तीत भर घालून सत्तर-ऐंशी हजारांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. लेण्यांतल्या अंधारात चालेल, धावत्या मुलींना पकडेल आणि घरातल्या कोणालाही हाताळता येईल असा संच हवा आहे. नाथसागरावर, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयावर, पक्षी दिसले तर तेही टिपावेसे वाटते. नुसत्या मोबाइलवर भागवावे का, हेही स्पष्ट सांगावे.

उत्तर: गोदाकाठचा छायाचित्रकार

दादा, मी छत्रपती संभाजीनगरला वीस वर्षे लग्नाचे फोटो काढतो. कामावर दोन बॉडी आणि दीड किलोची ७०-२०० लेन्स अंगावर घेऊन बारा तास उभा राहतो, तरी घरच्यांना घेऊन निघताना ते सगळे कपाटातच ठेवतो, म्हणून तुमची अडचण मला नेमकी कळते.

आधी एक गैरसमज दूर करतो, कारण माझ्याकडे सल्ला विचारायला येणारे बहुतेक जण इथेच चुकतात. मिररलेस (डीएसएलआरमधला आरसा नसलेला कॅमेरा) घेतला की वजन कमी झाले असे ते धरून चालतात, पण बॉडीत वाचलेले दोनशे-तीनशे ग्रॅम जड लेन्समुळे पुन्हा अंगावर येतात. लेन्स केवढी होणार हे बऱ्याच अंशी सेन्सरच्या (कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पटलाच्या) आकारावर ठरते. फुल फ्रेमचा सेन्सर ३६ गुणिले २४ मिलिमीटरचा असतो आणि त्यावरची २४-१०५ सारखी चांगली झूम एकटीच सातशे ग्रॅमच्या आसपास जाते. तुमच्या डी७२०० मध्ये एपीएस-सी म्हणजे साधारण २३.५ गुणिले १५.६ मिलिमीटरचा सेन्सर आहे. घरच्या सहलीसाठी तो पुरेसा आहे, तेव्हा फुल फ्रेमच्या मोहात पडू नका.

तुमच्यासाठी मी निकॉन झेड५० हा मिररलेस सुचवीन. तो २०१९ मध्ये आला आणि बॅटरी-कार्डासह ४५० ग्रॅम भरतो. त्याची पुढची आवृत्ती २०२४ मध्ये आली. ती विषय ओळखून फोकस धरण्यात सरस आहे, पण ५५० ग्रॅमची आहे आणि लेन्स धरून तुमच्या रकमेबाहेर जाईल, म्हणून पहिलीच आवृत्ती, वापरलेली पण बिलासह, शोधा. तिच्यावर झेड माउंटची (याच कॅमेऱ्याच्या जोडणीची) १८-१४० लावा, ती ३१५ ग्रॅमची आहे. दोन्ही मिळून ७६५ ग्रॅम होतात, म्हणजे आज तुमची नुसती बॉडी जेवढी आहे तेवढ्यात लेन्ससह सगळा कॅमेरा येतो. दुसरी लेन्स २४ मिमी एफ १.७ घ्या (एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे), ती फक्त १३५ ग्रॅमची आहे. संपूर्ण संच नऊशे ग्रॅमचा होतो आणि तिसऱ्या लेन्सची या सहलीत गरज नाही.

ही छोटी लेन्स ऐच्छिक समजू नका. अजिंठ्यात चित्रांच्या जपणुकीसाठी फ्लॅशला सक्त मनाई आहे, ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची आगाऊ परवानगी लागते आणि पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर उजेड अगदी मंद असतो. झूमवर २४ मिमीला एफ ४ च्या आसपास मिळेल. एफ १.७ वर त्याच्या सुमारे साडेपाच पट प्रकाश सेन्सरवर पडतो. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ३२०० ठेवून तिथे सेकंदाच्या साठाव्या भागाला फोटो मिळण्याची शक्यता तयार होते; झूमवर तोच फोटो दहाव्या-बाराव्या भागाला घ्यावा लागेल.

एक सावधगिरी बाळगा. तुमच्या डी७२०० ची बॅटरी एका चार्जिंगवर हजाराच्या वर फोटो देते, त्यामुळे तुम्हाला बॅटरीची चिंता करण्याची सवयच नसेल. झेड५० सुमारे तीनशे फोटोंत थकतो. जादा बॅटरी घ्याच, आणि कॅमेरा बंद असताना तो पॉवर बँकेवरही चार्ज होतो हे लक्षात ठेवा.

सहलीचे वार ठरवताना हेही पाहा की अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते.

उत्तर: परभणीकर

वरच्या दादांच्या अनुभवाचा आदर राखून वेगळे मत मांडतो. झेड५० च्या बॉडीत हादरे शोषून घेणारी यंत्रणा (स्थिरीकरण) नाही आणि २४ मिमी एफ १.७ लेन्समध्येही ती नाही. ज्या घरात थरथरत्या हाताच्या आजोबांनी फोटो काढावेत अशी इच्छा आहे, त्या घरासाठी मी ही उणीव लहान मानणार नाही.

मी चार वर्षे मायक्रो फोर थर्ड्स वापरतो. ऑलिंपस आणि पॅनासॉनिक यांनी ही कॅमेरा-पद्धत २००८ मध्ये आणली. तिचा सेन्सर १७.३ गुणिले १३ मिलिमीटरचा आहे, म्हणून लेन्स खरोखरच तळहातात मावतात. माझी ऑलिंपसची ई-एम१० मार्क ४ ही बॉडी ३८३ ग्रॅम, पॅनासॉनिकची १२-३२ अवघी ७० ग्रॅम आणि ऑलिंपसची ४०-१५० ही १९० ग्रॅम आहे. एकूण ६४३ ग्रॅममध्ये फुल फ्रेमच्या हिशेबाने (या लहान सेन्सरवर लेन्सचा आकडा दुप्पट धरतात) २४ पासून ३०० मिलिमीटरपर्यंतचा पल्ला मिळतो. बॉडीतल्या स्थिरीकरणामुळे अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात मी सेकंदाच्या आठव्या भागाला, हातात धरूनच, स्वच्छ फोटो काढले आहेत.

लेण्यातले चित्र हलत नाही, म्हणून हे जमले, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. स्थिरीकरण आपला हात सावरते, समोरचे मूल थांबवत नाही. त्याच लेण्याच्या ओसरीत माझा भाचा धावत होता, त्याचे सगळे फोटो पुसट आले. शिवाय आपल्या भागातल्या दुकानांत या पद्धतीच्या लेन्स सहज मिळत नाहीत, मागवाव्या लागतात.

उत्तर: नांदेडच्या बाई

मी शाळेत शिकवते आणि मुलांच्या सहलींचे फोटो मीच काढते, म्हणून मोबाइलविषयी तेवढे लिहिते. नुसत्या मोबाइलवर भागवावे असे मी म्हणणार नाही. अंधारात मोबाइल एकामागून एक बरेच फोटो घेऊन त्यांचा एक करतो, त्यामुळे भिंत सुरेख येते आणि हलणाऱ्या मुलांचे चेहरे पुसले जातात. नळदुर्गला पावसाळी उजेडात आणि एका हाताने धरल्यामुळे तुमचे फोटो हलले असावेत.

मात्र मोबाइलचे एक काम असे आहे की त्यासाठी वेगळी लेन्स विकत घेण्याची गरज राहत नाही. वेरूळच्या कैलासात प्रांगणाला तिन्ही बाजूंनी कातळ आहे आणि मागे सरकायला जागाच उरत नाही. १८ मिमीची लेन्स एपीएस-सीवर दीडपट होऊन २७ मिलिमीटरसारखी पडते, तिच्यात ध्वजस्तंभ आणि मंदिर एकत्र मावणे कठीण जाते. आजकालच्या बहुतेक मोबाइलमध्ये साधारण १३ मिलिमीटरच्या तोडीची अतिरुंद लेन्स असते. भर उन्हात, थांबलेल्या वास्तूसाठी ती पुष्कळ चांगले काम देते. रुंद दृश्ये मोबाइलवर घ्या आणि माणसे कॅमेऱ्यावर घ्या, अशी वाटणी मी गेली तीन वर्षे करते आहे.

आणखी एक विनंती आहे. नवा कॅमेरा सहलीच्या आदल्या दिवशी हातात देऊ नका. बाबांना आणि वहिनींना महिनाभर आधी तो घरात वापरू द्या, ऑटोवर ठेवा, आणि पट्टा गळ्यात अडकवण्याऐवजी खांद्यावरून तिरपा घ्या. मूल कडेवर असताना कॅमेरा पाठीकडे सरकवता येतो.

उत्तर: नाथसागर

पक्ष्यांसाठी वेगळे काही विकत घेऊ नका. दिवाळीच्या सुमारास जायकवाडीचे पाणी सहसा भरलेले असते आणि रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांना उथळ, चिखलाचे काठ लागतात. पाणी उतरू लागले आणि थंडी पडली की त्यांचे थवे दिसतात. तुम्ही जाल तेव्हा पाहुणे पक्षी नुकते येऊ लागलेले असतील आणि तेही लांब. १४० मिमीवर त्यांचे ठिपकेच येतील.

तुमची ७०-३०० जर एएफ-एस (फोकसची मोटर लेन्समध्येच असलेली) असेल तर ती विकू नका. १२५ ग्रॅमच्या एफटीझेड २ ॲडॉप्टरवर (जुन्या निकॉन लेन्स झेड कॅमेऱ्याला बसवणारा जोड) ती झेड५० ला ऑटोफोकससह चालते आणि एपीएस-सीवर ४५० मिलिमीटरचा पल्ला देते. या सहलीत ती घरी ठेवा. पुढे जानेवारीत फक्त पक्ष्यांसाठी पहाटे निघाल तेव्हा ती घ्या. जुन्या एएफ-डी प्रकारच्या लेन्सना मात्र या ॲडॉप्टरवर ऑटोफोकस मिळत नाही, म्हणून लेन्सवरची अक्षरे आधी वाचा.

लातूरकर

सर्वांचे मनापासून आभार. सहल करून परवा परतलो, म्हणून सविस्तर लिहितो.

दोन्ही बाजू वाचून मन बरेच दिवस दोलायमान होते. शेवटी बाबांना दुकानात नेऊन निर्णय त्यांच्या हातावर सोपवला. वापरलेला झेड५० आणि १८-१४० त्यांनी उचलली, दोन्ही हातांनी धरून पाच-सहा फोटो काढले आणि त्यांतला एकही हललेला नव्हता, कारण स्थिरीकरण या झूममध्ये आहे आणि दुकानात उजेड भरपूर होता. परभणीकरांचा मुद्दा मला पटला होता, आणि तो अजिंठ्यात खराही ठरला: २४ मिमी लेन्सवर बाबांचे लेण्यातले फोटो हलले, माझे आले. तरीही मुलींसाठी मी हीच निवड पुन्हा करीन. सव्विसाव्या लेण्यात महापरिनिर्वाणाच्या मूर्तीसमोर थोरली मान वर करून उभी होती, तो फोटो एफ १.७ वर, आयएसओ ४००० ला आला आणि तिच्या डोळ्यांवर फोकस नेमका बसला आहे.

बाईंच्या सांगण्याप्रमाणे कॅमेरा महिनाभर घरात फिरवला. चार दिवसांच्या साडेसहाशे फोटोंपैकी एकशे तीस फोटो पत्नीने आणि बाबांनी काढले. दौलताबादच्या पायऱ्यांवर धाकटी माझ्या पाठीवर झोपली आहे, हा फोटो बाबांचा आहे. कैलास मोबाइलवर घेतला. ट्रायपॉड नेलाच नाही. दोन बॅटऱ्या पुरल्या, पण अजिंठ्याच्या दिवशी दुसरीही संध्याकाळपर्यंत तळाला गेली होती.

एक अडचण उरली आहे. फर्दापूरजवळ गाडी ठेवून लेण्यांकडे जाणाऱ्या बसची वाट पाहताना मी उघड्यावर लेन्स बदलली. त्यानंतरच्या सगळ्या फोटोंत आकाशात डाव्या कोपऱ्यात एक करडा ठिपका दिसतो आहे. लेन्स पुसून पाहिली, ठिपका गेला नाही. काय करावे?

गोदाकाठचा छायाचित्रकार

दादा, ठिपका दोन्ही लेन्सवर त्याच जागी येत असेल तर धूळ सेन्सरवर बसली आहे. मिररलेसमध्ये लेन्स काढली की सेन्सर समोर उघडाच असतो आणि आपल्याकडच्या कोरड्या वाऱ्यात हे होते.

आधी छिद्र एफ १६ वर ठेवून मोकळ्या आकाशाचा एक फोटो काढा, म्हणजे किती कण आहेत ते स्पष्ट दिसेल. मग घरात, पंखा बंद करून, बॅटरी पूर्ण भरलेली असताना लेन्स काढा, कॅमेऱ्याचे तोंड जमिनीकडे धरा आणि रबरी ब्लोअरने सात-आठ वेळा हवा मारा. ब्लोअरची नळी आत जाऊ देऊ नका. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे बारीक थेंब बसले तर काम वाढते, आणि दाबाच्या हवेचा डबाही वापरू नका. कापूस, कापड, बोट काहीही सेन्सरला लावायचे नाही. लेन्स बसवून पुन्हा आकाशाचा फोटो घ्या. दोन-तीन प्रयत्नांनंतरही ठिपका तिथेच राहिला, तर तो कण चिकटला आहे असे समजा आणि ओल्या स्वॅबने साफ करणाऱ्या जाणकाराकडे कॅमेरा द्या. तोपर्यंत एफ ५.६ च्या आसपास फोटो काढत राहा, तिथे तो जवळजवळ दिसणार नाही.