मदत हवी आहे : मेणकागद स्वयंपाकघरात कुठे वापरावा आणि कुठे मुळीच वापरू नये?

नमस्कार. मेणकागदाचा, म्हणजे वॅक्स पेपरचा, एक मोठा रोल माझ्याकडे आहे आणि त्याचा योग्य वापर कसा करावा याबद्दल जाणकारांकडून मार्गदर्शन हवे आहे. प्रश्न किरकोळ वाटेल, परंतु मागच्या आठवड्यात याच कागदामुळे बिस्किटांचा एक पूर्ण घाणा वाया गेला, म्हणून झालेला प्रकार आधी सांगते.

कृतीमध्ये ‘ट्रेला कागद लावून घ्यावा’ एवढेच लिहिले होते. हाताशी मेणकागद होता, तो गुळगुळीत होता आणि त्याला काही चिकटत नाही हा अनुभव होता, त्यामुळे तो ओव्हनमध्येही चालेल असे मी गृहीत धरले. ओव्हन १८० अंश सेल्सिअसला तापवून ट्रे आत सरकवला आणि थोड्याच वेळात नुकत्याच विझलेल्या मेणबत्तीला येतो तसा वास घरभर पसरला. काचेतून पाहिले तेव्हा बिस्किटांच्या मधल्या मोकळ्या जागेतला कागद तेल पडल्यासारखा पारदर्शक झाला होता आणि ट्रेबाहेर आलेल्या कडांवरून बारीक धूर निघत होता. मी ओव्हन ताबडतोब बंद केला आणि धूर थांबेपर्यंत दार उघडले नाही. ट्रे गार झाल्यावर त्याच्यावर पांढुरका थर दिसला, जो नखाने खरवडला की बारीक सुरळ्या होऊन निघत होता. बिस्किटांच्या तळाला कागदाचे तंतू चिकटून बसले होते, त्यामुळे ती सगळी टाकून द्यावी लागली.

त्यानंतर रोलच्या खोक्यावरचा मजकूर नीट वाचला. कागदाच्या दोन्ही बाजूंना पॅराफिन मेणाचा लेप आहे आणि तो ओव्हनमध्ये वापरू नये, असे तिथे बारीक अक्षरांत छापलेले आहे. चूक माझी होती हे मान्य आहे. तरीही हा कागद निरुपयोगी आहे असे मला वाटत नाही, कारण काही कामांत त्याच्यासारखी सोय दुसऱ्या कशातही मिळालेली नाही. मैदा चाळताना मी ताटाऐवजी मेणकागदाचा तुकडा पसरते. चाळून झाल्यावर त्याच्या दोन बाजू उचलून पन्हळीसारखा आकार दिला, की सगळे पीठ एका धारेत भांड्यात उतरते आणि कागदावर चिमूटभरही मागे राहत नाही. किसलेले चीज, मोजून ठेवलेली साखर, कुटलेला सुका मेवा या सगळ्यांसाठी मी तो असाच वापरते, आणि तोच तुकडा पुसून पुन्हा कामाला येतो.

आता माझ्या अडचणी. लोणी जास्त असलेले मऊ पीठ दोन मेणकागदांच्या मध्ये ठेवून लाटते, तेव्हा वरच्या कागदाला चुण्या पडतात, त्या पिठात उमटतात आणि खालचा कागद ओट्यावरून सरकत राहतो. यावर उपाय काय? मायक्रोवेव्हमध्ये अन्नावर झाकण म्हणून हा कागद ठेवणे सुरक्षित आहे का? जुन्या पाककृतींमध्ये केकच्या भांड्याला मेणकागदाचे अस्तर लावायला सांगितलेले असते. मग तिथे तो वितळत कसा नाही? शिवाय माझ्या कपाटात खोके हरवलेला आणखी एक रोल आहे. तो मेणकागद आहे, बेकिंग पेपर आहे की बटर पेपर, हे घरच्या घरी कसे ओळखावे? आणि ट्रेवर जमलेले मेण कसे काढावे, तेही कृपया सांगावे. मी दोनदा गरम पाण्याने धुऊन पाहिला, पण तो पुन्हा तसाच होतो.

प्रतिसाद १

आपल्या अनुभवातच निम्मे उत्तर आहे, ते फक्त आकड्यांत मांडतो. या कागदांवरचे पॅराफिन मेण साधारण ५० ते ६५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळते. म्हणजे ओव्हन तर दूरच, उकळते पाणीही त्याला फार गरम आहे. बेकिंग पेपर दिसायला तसाच असला, तरी त्याच्यावर सिलिकोनचा लेप असतो आणि तो साधारण २२० अंशांपर्यंतची उष्णता सोसतो. न चिकटण्याचा गुण दोघांतही आहे, म्हणूनच गफलत होते. बटर पेपर या नावाखाली मात्र वेगवेगळे कागद विकले जातात. लेप नसलेला, निव्वळ तेलकटपणा अडवणारा कागदही त्या नावाने मिळतो आणि बेकिंग पेपरही मिळतो, त्यामुळे नावावर विसंबू नये, ‘ओव्हनसाठी योग्य’ असा उल्लेख आणि तापमानाची मर्यादा छापलेली आहे का ते पाहावे.

पॅराफिन हे नाव या कागदाचा गुण अचूक सांगते. कार्ल फॉन रायखेनबाख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८३० मध्ये हे मेण वेगळे केले आणि त्याच्या नावासाठी लॅटिनमधले ‘कमी’ आणि ‘आकर्षण’ या अर्थांचे शब्द जोडले, कारण ते इतर पदार्थांशी सहजासहजी अभिक्रिया करत नाही. पाणी त्याच्यावर पसरत नाही, ओले पीठ त्याला धरत नाही, आणि खाद्य दर्जाचे मेण चुकून थोडे पोटात गेले तरी ते पचत नाही, तसेच बाहेर पडते. गरम तुपातेलात मात्र ते विरघळते, हे कायम लक्षात ठेवावे. नुकताच तळलेला पदार्थ मेणकागदावर काढणे म्हणूनच दुहेरी चूक ठरते : कागद तेल शोषत नाही आणि वर स्वतःचे मेण सोडतो. त्या कामाला साधा शोषक कागदच हवा.

केकबद्दलची आपली शंका रास्त आहे. ओल्या मिश्रणात पाणी असेपर्यंत त्याचे तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही, आणि पूर्ण झाकलेल्या कागदाला हवा मिळत नाही, त्यामुळे तो धूर न करता आत टिकतो. मेण तिथेही वितळतेच, पण ते केकच्या तळाशी आणि कागदाच्या तंतूंत मुरते. भांड्याच्या काठावर आलेला उघडा कागद मात्र आपल्या बिस्किटांच्या ट्रेप्रमाणेच धुमसतो. बेकिंग पेपर उपलब्ध असताना ही जोखीम घेण्याचे मला काहीच कारण दिसत नाही.

मायक्रोवेव्हमध्ये अन्न थोडा वेळ गरम करताना शिंतोडे अडवण्यासाठी मेणकागद सैलसर झाकावा, ते चालते. मायक्रोवेव्हच्या लहरींनी मेण स्वतः फारसे तापत नाही, ते तापते खालच्या अन्नामुळे आणि वाफेमुळे. म्हणून कागद अन्नाला टेकू देऊ नये, तेलकट पदार्थांवर टाळावा, आणि ग्रिल किंवा कन्व्हेक्शन चालू असेल तर अजिबात ठेवू नये.

आता लाटण्याविषयी. ओट्यावर पाण्याचे चार-पाच थेंब शिंपडून त्यावर खालचा कागद दाबून बसवावा, म्हणजे तो जागचा हलत नाही. वरच्या कागदाच्या चुण्या टाळण्यासाठी एकदम शेवटपर्यंत लाटत जाऊ नये. पाच-सहा वेळा लाटणे फिरवले की वरचा कागद सोलून पुन्हा सपाट पसरावा, मग दोन्ही कागदांसकट पोळी पालथी करून दुसऱ्या बाजूचाही तसाच मोकळा करावा. कागद पिठात अडकला की ताणला जातो आणि त्या ताणानेच चुण्या पडतात, आपण जोर जास्त लावल्यामुळे नव्हे. लाटून झाल्यावर कागदांसकट पोळी फ्रिजमध्ये १५ ते २० मिनिटे सपाट ठेवावी. लोणी घट्ट झाले की कागद एका कोपऱ्यातून उचलताच सर्रकन सुटतो आणि पोळीची कडही मोडत नाही.

प्रतिसाद २

ट्रेच्या बाबतीत गरम पाणी हेच अडचणीचे मूळ आहे. त्याने मेण वितळते, पाण्यावर तरंगते आणि पाणी ओतताना पुन्हा ट्रेवर पसरून गोठते. शिवाय ते सिंकमध्ये गेले तर नळीत थिजून बसण्याची भीती असते, म्हणून ही पद्धत कृपया थांबवावी. ट्रे कोरडा करून हाताला सोसेल त्याहून थोडा अधिक गरम होईल इतपतच तापवावा, हातमोजा घालून शोषक कागदाने मेण टिपून घ्यावे, आणि कागद कोरडा येईपर्यंत नवनवा तुकडा घ्यावा. राहिलेली पुसट झाक थोड्या खाद्यतेलाने चोळून पुसल्यावर निघते. त्यानंतर मग साबण लावावा.

प्रतिसाद ३

ओळखण्याची एक सोपी खूण सांगते. कागदावर नखाने जोरात रेघ ओढावी. मेणकागदावर पांढुरकी रेघ उठते आणि नखाखाली मेणाचा बारीक कीस येतो. सिलिकोनच्या लेपाचा असा कीस निघत नाही. खात्री नसेल तर त्या कागदाचा तुकडा दोन साध्या कोऱ्या कागदांमध्ये ठेवून, खाली जुने कापड घालून, त्यावर कोमट इस्त्री फिरवावी. कोऱ्या कागदांवर तेलकट, अर्धपारदर्शक डाग उमटला तर तो मेणकागद.

ज्या दोन कामांसाठी मी हा कागद मुद्दाम घरात ठेवते, त्यांचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही. पहिले काम चॉकलेटचे. वितळवून घोटलेले गडद चॉकलेट वापरण्याच्या वेळी ३१ ते ३२ अंशांवर असते, म्हणजे मेणाच्या वितळण्यापेक्षा बरेच थंड. त्यात बुडवलेले फळ किंवा बिस्कीट मेणकागदावर ठेवले की खालची बाजू काचेसारखी चकचकीत गोठते आणि हलक्या हाताने सुटून येते. याउलट साखरेचा पाक किंवा कॅरॅमल ११५ अंशांच्या वर असते, ते या कागदावर ओतले तर मेण वितळते आणि कागद पाकात कायमचा रुततो. पूर्ण गार झालेल्या कॅरॅमलच्या तुकड्यांना गुंडाळायला मात्र हाच कागद उत्तम आहे, आणि दोन्ही टोके पिळली की तशीच राहतात, उलगडत नाहीत. पाककृतीत ‘मेणकागद’ हा शब्द दिसला तर ओतायला सांगितला आहे की गुंडाळायला, हे आधी पाहून घ्यावे.

दुसरे काम आयसिंगच्या फुलांचे. कागदाचे बोटभर रुंदीचे चौकोन कापावेत, त्यांच्यावर एकेक फूल काढावे, आणि चौकोनासकट ते सुकायला बाजूला सरकवावे. रात्रभर वाळल्यावर कागद मागे वाकवला की फूल पाकळी न तुटता हाती येते.

फ्रीजरबद्दल आपण विचारलेले नाही, तरी सांगते. कच्च्या पिठाच्या चकत्या किंवा टिक्क्या एकावर एक रचताना प्रत्येक दोन चकत्यांमध्ये मेणकागदाचे एक नव्हे, दोन तुकडे घालावेत. दोन गोठलेल्या चकत्या एकाच तुकड्याच्या दोन बाजूंना धरून बसू शकतात, पण दोन तुकडे एकमेकांवरून सहज घसरतात आणि हवी तेवढीच चकती काढता येते. सगळी चवड हवाबंद डब्यात ठेवणे मात्र आवश्यक आहे, कारण मेणकागदाच्या घड्यांतून हवा आत जाते आणि अन्न कोरडे पडते.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. खोके हरवलेल्या रोलवर दोन्ही चाचण्या केल्या. नखाने काहीच निघाले नाही आणि इस्त्रीनंतर कोरे कागद जसेच्या तसे राहिले, त्यामुळे तो मेणकागद नाही एवढे निश्चित झाले. त्याचा एक लहान तुकडा बिस्किटाच्या पिठाचा गोळा ठेवून १८० अंशांवर, समोर उभी राहून, भाजून पाहिला. धूर नाही, वास नाही, आणि गोळा सहज सुटला. आता दोन्ही रोलांवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या लावल्या आहेत : एकावर ‘ओव्हन’ आणि दुसऱ्यावर ‘फक्त गार’. मेणकागद शेगडीजवळच्या कपाटातून काढून थंड, कोरड्या खणात हलवला, कारण तिथल्या उष्णतेने रोलचे पदर एकमेकांना चिकटू लागल्याचे या निमित्ताने ध्यानात आले.

ट्रेही शोषक कागदाच्या चार तुकड्यांत स्वच्छ झाला. पाण्याचे थेंब शिंपडून लाटण्याचा उपाय इतका साधा असेल असे वाटले नव्हते. पोळी प्रथमच चुण्यांविना निघाली. एकच शंका उरली आहे. वापरून झालेला मेणकागद रद्दीच्या कागदात टाकावा का?

प्रतिसाद १ कडून पुन्हा

रद्दीत टाकू नये. कागदाचा पुन्हा लगदा करताना मेण वेगळे होत नाही आणि ते चांगल्या लगद्यातही मिसळते. पॅराफिन खनिज तेलापासून मिळते, म्हणून तो कागद खतासाठीही वापरू नये असे माझे मत आहे. सोयाबीन मेणाचा किंवा मधमाश्यांच्या मेणाचा लेप असलेला कागद मिळाला, तर तो खतात घालता येतो. खोक्यावर तसे लिहिलेले असते. आपल्याकडच्या रोलसाठी मात्र तुकडा पुसून जितक्या वेळा वापरता येईल तितक्या वेळा वापरावा आणि अखेरीस सुक्या कचऱ्यात टाकावा. कच्चे मांस, मासे किंवा अंडी यांना लागलेला तुकडा पुसून पुन्हा वापरू नये, तो लगेच टाकावा.