लिनक्सवर मायक्रोफोन चालतो, पण बोललेले टंकित होत नाही

प्रश्न (जळगाव): केळीबागेच्या नोंदी बोलून टंकित व्हाव्यात, ही माझी मनापासून इच्छा आहे. यूएसबी मायक्रोफोनवर ध्वनिमुद्रण स्वच्छ होते, परंतु आवाज ओळखणारे सॉफ्टवेअर सुरू करताच 'इनव्हॅलिड सॅम्पल रेट' (आवाजाचे सेकंदाला किती नमुने घ्यायचे तो दर अमान्य) असा संदेश येतो. काय करावे?

उत्तर (धुळे): भाऊ, मायक्रोफोन बदलू नका. अशा सॉफ्टवेअरला बहुधा १६००० हर्ट्झ दराचा मोनो (एकाच वाहिनीचा) आवाज लागतो; पुष्कळ यूएसबी मायक्रोफोन मात्र ४४१०० किंवा ४८००० हर्ट्झच देतात, आणि उपकरण 'एचडब्ल्यू' नावाने थेट उघडले की मध्ये रूपांतर होत नाही. 'प्लगएचडब्ल्यू' निवडल्यास अल्सा (लिनक्समधील ध्वनी हाताळणारी प्रणाली) हा दर स्वतःच बदलून देते.

उत्तर (नंदुरबार): ब्लूटूथ हेडसेट वापरणाऱ्यांनी प्रोफाइलही (हेडसेट कोणत्या कामासाठी जोडला आहे ते) पाहावे, कारण गाणी ऐकण्याच्या एटूडीपी प्रोफाइलमध्ये मायक्रोफोन सहसा बंदच असतो.

प्रश्नकर्ता: 'प्लगएचडब्ल्यू' निवडताच टंकन सुरू झाले. मनःपूर्वक आभार.