जंतुनाशक, जीवाणुरोधक, प्रतिजैविक : कोणता शब्द कुठे?

विचारणा (दादर)
एका आरोग्यविषयक माहितीपुस्तिकेचे मुद्रितशोधन करताना ओव्याचा अर्क, काळे फिनाइल, हात धुण्याचा साबण आणि अमॉक्सिसिलिनची गोळी या चारही गोष्टींना मसुद्यात सरसकट 'जंतुनाशक' म्हटलेले आढळले. यांसाठी वेगवेगळे शब्द वापरावेत का, आणि वापरायचे तर भेद कशाच्या आधारे करावा? नैसर्गिक ते 'प्रतिजैविक' आणि कृत्रिम ते 'जंतुनाशक' अशी विभागणी एका सहकाऱ्याने सुचवली आहे. ती मला पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही.

प्रतिसाद (परळ)
सहकाऱ्यांची सूचना अगदीच निराधार नाही. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सेल्मन वाक्समन यांनी 1940 च्या दशकात 'अँटिबायोटिक' ही संज्ञा रूढ केली, ती एका सूक्ष्मजीवाने तयार केलेल्या आणि दुसऱ्याला मारक ठरणाऱ्या पदार्थासाठीच. 'प्रतिजैविक' हा तिचाच मराठी प्रतिशब्द असून जुन्या लेखनात 'प्रतिजैव पदार्थ' असेही आढळते. त्या काटेकोर अर्थाने बुरशीपासून मिळणारे पेनिसिलिन प्रतिजैविक ठरते, तर 1935 साली गेरहार्ड डोमाक यांनी ज्याचे परिणाम प्रसिद्ध केले ते प्रॉन्टोसिल हे जीवाणूंवरचे औषध ठरत नाही, कारण ते मुळात रंग कारखान्यातले रसायन होते. व्यवहारात मात्र ही रेघ केव्हाच पुसली गेली आहे. क्लोरॅम्फेनिकॉल प्रथम मातीतल्या सूक्ष्मजीवापासून मिळाले आणि आता कारखान्यात बनते. अमॉक्सिसिलिनचा गाभा बुरशीचा आणि त्याला जोडलेला भाग रसायनशाळेतला. सिप्रोफ्लॉक्सासिन तर पूर्णपणे कृत्रिम. तिघांनाही डॉक्टर अँटिबायोटिकच म्हणतात आणि त्यात काही बिघडत नाही.

खरा भेद उगमापेक्षा क्रियेत आहे. पेनिसिलिन आणि त्याच्या कुळातली औषधे जीवाणूच्या पेशीभित्तिकेचे धागे एकमेकांना जोडणाऱ्या विकराला (एन्झाइमला) अडकवून ठेवतात. जीवाणू वाढत राहतो, भित्तिका कमकुवत होत जाते, आणि आतल्या दाबाने अखेर पेशी फुटते. आपल्या पेशींना अशी भित्तिकाच नसल्यामुळे त्या वाचतात. याला नि:संकोच 'जीवाणुनाशक' म्हणावे. सल्फा औषधे जीवाणूला फोलेट हे जीवनसत्त्व तयार करू देत नाहीत. आपण फोलेट अन्नातून घेतो, म्हणून आपले अडत नाही, पण जीवाणूची वाढ खुंटते. टेट्रासायक्लिन कुळातली औषधे त्याच्या रायबोसोमला चिकटून प्रथिननिर्मिती थांबवतात. या दोन्ही गटांत जीवाणू लगेच मरत नाही. तो वाढायचा थांबतो आणि पुढचे काम शरीराची प्रतिकारशक्ती करते. यांना 'जीवाणुरोधक' म्हणणे योग्य. हा भेद केवळ कोशातला नाही. पेनिसिलिन वाढत्या जीवाणूलाच मारते. त्यामुळे वाढ रोखणारे औषध सोबत दिले तर काही वेळा पेनिसिलिनचाच जोर कमी पडतो.

प्रतिसाद (मुलुंड)
मी औषधांच्या दुकानात काम करतो. गिऱ्हाईक 'प्रतिजैविक' हा शब्द कधीही उच्चारत नाही; ते 'अँटिबायोटिक' किंवा नुसते 'कोर्स' म्हणते. त्यामुळे पुस्तिकेत निदान पहिल्यांदा दोन्ही शब्द शेजारी ठेवावेत. दुसरे असे की 'जंतुनाशक' आणि 'जंतनाशक' यांत एका उकाराचाच फरक आहे. शाळांमध्ये मुलांना देतात ती अल्बेंडाझोलची गोळी जंतनाशक, म्हणजे पोटातल्या कृमींसाठी. जीवाणूंवर उपचार म्हणून ती कोणी देत नाही. मुद्रितशोधनात तो उकार गळला तर अर्थाचा अनर्थ होईल.

प्रतिसाद (गोरेगाव)
मुलुंडकरांच्या मुद्द्याला एक गमतीचा अपवाद आहे. ओव्याच्या तेलातून निघणारे खडे, ज्यांना आपण ओव्याचे फूल म्हणतो, ते म्हणजे थायमॉल. ते जीवाणूच्या पेशीपटलात शिरून त्याला गळके करते, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी अंकुशकृमीवरचे औषध म्हणूनही ते दिले जात असे. म्हणजे पदार्थ एकच आणि दोन्ही शब्द त्याला लागू. लवंगेतले युजेनॉलही पेशीपटलावरच काम करते. लसणाची तऱ्हा वेगळी आहे. अख्ख्या पाकळीत ॲलिसिन नसतेच. पाकळी ठेचल्यावर तिच्यातले विकर आणि ॲलिइन एकत्र येऊन ते तयार होते आणि जीवाणूच्या विकरांतील गंधकयुक्त गटांना निकामी करते. मात्र प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत दिसणारा परिणाम रक्तात तितक्या प्रमाणात पोहोचेलच असे नाही, म्हणून अशा पदार्थांना 'प्रतिजैविक' म्हणू नये. वाचक गोळीऐवजी लसूण खायचा. 'जीवाणुविरोधी गुण असलेला' एवढेच म्हणावे.

प्रतिसाद (परळ)
सहमत आहे. फिनाइलसाठी 'जंतुनाशक' हाच शब्द ठेवावा, कारण फिनॉल वर्गातली रसायने प्रथिने साकळवतात आणि पटले फाडतात. समोरची पेशी जीवाणूची की आपली, हे ती पाहत नाहीत. म्हणून ती फरशीसाठी. जखमेवर लावण्याजोग्या सौम्य द्रावणांना कोशांत 'पूतिरोधक' आहे. शब्द नेमका असला तरी आज तो किती जणांना कळेल याची शंका वाटते, तेव्हा 'जखमेसाठीचे जंतुनाशक' असे लिहिलेले बरे. साबणाचे प्रकरण नाजूक आहे. साधा साबण जंतूंना मुख्यतः धुऊन काढतो. ट्रायक्लोसान घातलेला साबण वेगळा. ते द्रव्य कमी प्रमाणात जीवाणूची मेदनिर्मिती अडवते, म्हणजे रोधक असते, आणि जास्त प्रमाणात पटल बिघडवून नाशक होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2016 साली घरगुती साबणांत ते वापरण्यास मनाई केली.

विचारणा (दादर)
सर्वांचे आभार. अमॉक्सिसिलिन 'प्रतिजैविक (अँटिबायोटिक)', फिनाइल 'जंतुनाशक', ओवा 'जीवाणुविरोधी गुण असलेला' आणि साबणाला कोणतेही विशेषण नाही, असा बदल करते आहे. पावसाळ्याच्या पानावर मात्र अडचण उरते. साचलेल्या पाण्यातून चालून आलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन घ्यावे, या सूचनेत मसुद्याने 'लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचे) जंतू मारणारी गोळी' असे लिहिले आहे.

प्रतिसाद (परळ)
डॉक्सिसायक्लिन टेट्रासायक्लिन कुळातले आहे. 'लेप्टोच्या जीवाणूंची वाढ रोखणारी गोळी' असे करावे. ओळ एका शब्दाने लांबेल, पण पानात बसेल.