बंड्या-चिंगी आणि डेटॉल (शुक्रवारच्या आत उत्तर हवंय)

प्रेषक: मंदार (सध्या मुक्काम सांगली)

नमस्कार मंडळी,

माझे दोन फेरेट (मुंगसासारखे दिसणारे लांबट पाळीव प्राणी), बंड्या-चिंगी, सध्या हर्षदाकडे आहेत. ती शुक्रवारी सकाळी निघतेय, म्हणजे दुपारपासून दोघं नीलिमाताईंकडे. ताई आपण होऊन हो म्हणाल्या, त्यांचे उपकार आहेतच. पण काल फोनवर म्हणाल्या, "ते यायच्या आत घर आणि पिंजरा डेटॉलनं लख्ख करून ठेवते." मी नको म्हटलं. त्यांनी का म्हणून विचारलं आणि तेवढ्यात इथली लाइट गेली. तेव्हापासून त्यांचा फोन लागत नाहीये, म्हणून मंडळाच्या लिस्टवर लिहितोय.

माझ्याकडे इतकी वर्षं गरम पाणी आणि भांड्यांचा साबण यावरच चाललंय, हर्षदाकडेही तेच. पण ताईंच्या केतनला फ्लू झालाय आणि नुसत्या साबणानं भागणार नाही असं त्यांचं म्हणणं. ज्यांना माहीत आहे त्यांनी प्लीज सांगा. बाबांचं प्लास्टर निघायला अजून तीन आठवडे आहेत, तोवर मी सांगलीच्या गावभागातून हलून इंग्लंडला परतू शकत नाही.

मंदार

---

प्रेषक: नीलिमा

मंदार,

मी फोन उचलत नाही असं काही नाही, नाइट शिफ्ट होती. सगळ्या लिस्टला कळवायची गरज नव्हती.

साताऱ्याला आमच्या सासूबाई रोज काळं फिनेल घालून फरशी पुसायच्या. घरात दोन मांजरं, एक कुत्रा, परसात कोंबड्या. कुणाला काही झालं नाही. इथेही मी तीस वर्षं डेटॉल वापरतेय. आणि स्पष्टच लिहिते, राग मानू नकोस, तुझ्या बाळांना वास येतो. कोजागरीला तू त्यांना हॉलवर आणलं होतंस तेव्हा मसाला दुधाच्या पातेल्याजवळ काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. माझ्या घरात कार्पेट आहे.

नीलिमा

---

प्रेषक: विद्याधर

नीलिमाताई, काळं फिनेल आणि डेटॉल यांत गल्लत नको. काळं फिनेल डांबरापासून निघतं, पांढऱ्यात पाइन तेल असतं, आणि डेटॉलमध्ये क्लोरोझायलेनॉल, जोडीला पाइन तेल. तिन्ही पाण्यात टाकली की दुधासारखी होतात. आमच्याकडे हीच खूण सांगायचे, दूध झालं की मांजराला लांब ठेवा.

२०१९ च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं (तिथे ४५ फुटांनाच धोका पातळी धरतात). हरभट रोडचं आमचं दुकान पार बुडालं. पाणी उतरल्यावर गुडघाभर गाळ. मी रजा काढून गेलो होतो. धाकट्यानं ग्रामपंचायतीतून मिळते ती टीसीएल पावडर (म्हणजे ब्लीचिंग पावडर) सगळीकडे फेकली, आणि फरशीचे डाग निघेनात म्हणून वरून बाथरूमचं अ‍ॅसिड ओतलं. पिवळसर धूर आणि घशात अशी आग की आम्ही चौघं खोकत रस्त्यावर. क्लोरीन वायू तो. तेव्हापासून आमच्यात नियमच झालाय, दोन बाटल्या एकत्र करायच्या नाहीत. कुठल्याच नाहीत.

फेरेटचं मला काही माहीत नाही.

विद्याधर

---

प्रेषक: शुभांगी

विद्याधर, तुमची दुधाची खूण चांगली आहे पण तेवढ्यावर विसंबू नका. लायझॉलसारखी फरशीची लिक्विडं फारशी दुधाळ होत नाहीत, त्यांत बेन्झाल्कोनियम क्लोराइड असतं. ते नीट धुऊन काढलं नाही आणि जनावरानं चाटलं, तर जीभ सोलवटते, तोंडात फोड येतात, लाळ थांबत नाही.

आता नीलिमाताई, तुमच्यासाठी.

फिनॉलच्या जातीची रसायनं (काळ्या फिनेलमधली आणि डेटॉलमधलं क्लोरोझायलेनॉल त्यातलीच) शरीराबाहेर टाकायला यकृताला त्यांच्यावर एक प्रक्रिया करावी लागते. माणसाचं, कुत्र्याचं यकृत ती बऱ्यापैकी करतं, मांजराचं फारच हळू. फेरेटही या बाबतीत मांजराच्याच पंगतीला, म्हणून आपली साधी पॅरासिटामॉलसुद्धा त्यांना देत नाहीत. सासूबाईंच्या कुत्र्याला काही झालं नाही, यात नवल नाही. मांजरं बहुधा दिवसभर बाहेर हिंडत असतील आणि फरशी वाळल्यावरच घरात येत असतील. फेरेटचं तसं नाही. तो दिवसाचे चौदा ते अठरा तास त्याच पिंजऱ्यात, त्याच झोळीत लोळतो आणि उठला की नाक फरशीला टेकवूनच पळतो. वासाची वाफ आपल्याला कमरेच्या उंचीवर जाणवते, त्याला नाकाशी.

केतनच्या फ्लूची तुम्हाला वाटणारी काळजी मात्र शंभर टक्के बरोबर आहे. माणसाचा फ्लू फेरेटला होतो. १९३३ मध्ये लंडनच्या संशोधकांनी माणसाच्या फ्लूचा विषाणू पहिल्यांदा वेगळा केला तो फेरेटमध्येच. पण त्या विषाणूवर चरबीचं पातळ आवरण असतं, ते साबणाच्या पाण्यानंही फाटतं. त्यामुळे फरशीपेक्षा केतनकडे लक्ष द्या. त्याला त्या खोलीत पाठवू नका, पिंजऱ्यात हात घालायच्या आधी सगळ्यांनी साबणानं हात धुवा, आणि शिंका येत असतील त्यानं मास्क लावा.

तरीही काहीतरी कडक वापरायचंच असेल तर साधं, बिनवासाचं ब्लीच. लिटरभर पाण्यात ३० मिली, त्याहून जास्त नको. पण आधी त्यांच्या शी-शूच्या ट्रेमधली घाण काढून तो साबणानं धुवा, कारण घाणीवर ब्लीच वाया जातं. शिवाय लघवीत अमोनिया असतो, त्यावर ब्लीच पडलं की क्लोरामाइनचा झोंबणारा वायू होतो. दहा मिनिटं ठेवा, मग दोनदा पाण्यानं धुऊन उन्हात किंवा पंख्याखाली पूर्ण वाळवा. हे सगळं होईपर्यंत दोघं दुसऱ्या खोलीत. उरलेलं पाणी उद्यासाठी ठेवू नका, त्याचा जोर उतरतो.

शुभांगी

---

प्रेषक: दिलीप (समन्वयक)

सर्वांस नमस्कार,

ही लिस्ट मंडळाच्या कामासाठी आहे याची नम्र आठवण. गणपतीच्या हॉलचे पैसे भरायची मुदत सोमवार. आतापर्यंत अकराच कुटुंबांनी भरलेत. मंदार, तुझेही राहिलेत.

प्राण्यांविषयी मागच्याच वर्षी ठरलंय, हॉलवर आणायचे नाहीत. कोजागरीच्या वेळी कार्पेटच्या क्लीनिंगचे पैसे मंडळानं दिले, तेही बेन्झाल्कोनियमवालं लिक्विड होतं की काय कोण जाणे.

दिलीपकाका

---

प्रेषक: विद्याधर

दिलीपकाका, ते पैसे मंदारनं परत केले होते. खजिनदार मी होतो.

---

प्रेषक: दिलीप (समन्वयक)

अर्धे.

---

प्रेषक: नीलिमा

शुभांगी, तू एवढं लिहिलंस म्हणून वाचलं. मुद्दे पटले. पण वासाचं काय? रोज आंघोळ घातली तर चालेल का? बेबी शॅम्पू आहे घरात.

---

प्रेषक: शुभांगी

नको, उलटं होईल. आंघोळीनं अंगावरचं तेल गेलं की कातडी ते भरून काढायला आणखी तेल सोडते आणि वास वाढतो. तीन आठवड्यांत एकदाही घातली नाही तरी चालेल. वास मुख्यतः झोळीला आणि ट्रेला असतो. ट्रे रोज काढा, झोळी आठवड्याला धुवा. बिनवासाची पावडर वापरा, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, त्यातही बेन्झाल्कोनियमचीच भावंडं असतात. ट्रेमध्ये देवदाराचा किंवा पाइनचा भुसा नको, कागदाच्या गोळ्या घाला. आणि एअर फ्रेशनरही नको, नाहीतर तुम्ही मला फोन करणार, "बंड्या शिंकतोय, फ्लू झाला का?"

---

प्रेषक: मंदार (सध्या मुक्काम सांगली)

नीलिमाताई, मी कालच हे सांगायला हवं होतं, पण आईसमोर बोलायचं नव्हतं.

मी आल्याच्या चौथ्या दिवशी इथे मनीला झालं. (मनी म्हणजे आईचं मांजर. बाबा तिला "तुझ्या मुंगसांची बहीण" म्हणतात. फेरेट मुंगूस नाही हे सांगून मी थकलो.) बाबा हॉस्पिटलमधून घरी येणार म्हणून आईनं काळं फिनेल बादलीत अंदाजानं ओतलं. अंदाजानं म्हणजे अर्धी बाटली. शहाबादी फरशी, ती ओल धरून ठेवते. मनी त्यावरून चालली आणि चुलीच्या ओट्यावर बसून सवयीप्रमाणे पंजे चाटत बसली. तासाभरात तोंडातून लाळेची तार, मान खाली, पाय थरथरतायत. आईला वाटलं उंदीर खाल्ला असेल. ओकारी काढू या म्हणून ती मिठाचं पाणी घेऊन आली, मी हातातून काढून घेतलं. पोळणारी वस्तू परत वर आली की घसा दुसऱ्यांदा पोळतो. पंजे भांड्यांच्या साबणानं धुतले, टॉवेलात गुंडाळलं आणि बाटली सोबत घेऊन रिक्षानं विश्रामबागेत डॉक्टरांकडे. बाटलीवरचं वाचूनच त्यांनी सलाईन लावलं. तीन दिवस. वाचली.

आई अजून म्हणते, "आमच्या वेळची मांजरं काटक होती." पण फिनेलची बाटली आता मोरीवरच्या माळ्यावर आहे आणि फरशी गरम पाण्यानं पुसली जातेय. त्यावर ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तुम्हीही रागावलात तर इकडून तिकडून दोन्हीकडचा जाईन.

दिलीपकाका, हॉलचे आत्ताच ट्रान्सफर केले. कोजागरीचे उरलेले अर्धेसुद्धा.

---

प्रेषक: अनघा

मंदार, मनी आता कशी आहे? आमच्याकडेही माहेरी कुपवाडला अगदी असंच झालं होतं, पण तिथे कबुतर होतं. असो. येताना तीन पाकिटं भडंग आणशील का? पैसे देते. लसणाचं, साधं नको.

---

प्रेषक: हेमंत (सातारा)

मी परत येऊन चार वर्षं झाली तरी लिस्ट वाचतो. मंदार, पुढच्या वेळी सांगलीत डॉक्टर मिळाले नाहीत तर शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय ध्यानात ठेव, महामार्गालाच आहे. पण आधी फोन कर, गावभागातून तीन तास तरी सहज जातील. इंग्लंडात असाल तर अ‍ॅनिमल पॉयझनलाइन चोवीस तास चालू असते, पैसे घेतात पण ऐकून घेतात. नंबर नीलिमाताईंनी आत्ताच फ्रिजवर चिकटवावा.

आणि ताई, साताऱ्याच्या मांजरांना काही होत नाही हे खरं नव्हे. आमच्या शाहूपुरीच्या वाड्यात दोन गेली. त्या काळी कारण कुणी शोधत नसे एवढंच.

---

प्रेषक: नीलिमा

बरं बाई, बरं. डेटॉल गॅरेजमध्ये ठेवलंय. कार्पेटवर जुनी सतरंजी टाकलीय, केतनला वरच्या खोलीत कोंडलंय, नंबर फ्रिजवर.

मंदार, मनीचं मला आधी सांगायचंस. सासूबाईंच्या घरी एक मांजर दर दोन वर्षांनी नवीन असायचं, हे आत्ता हेमंतचं वाचून आठवलं.

एकच प्रश्न राहिला. झोळी मशीनमध्ये ३० अंशांवर धुवू की ६०? लेबल फाटलंय.

---

प्रेषक: मंदार (सध्या मुक्काम सांगली)

६० चालेल. खिशात आधी हात घालून बघा, चिंगी त्यात मोजे लपवते.