साचा भरताना हवेचा वेग सेकंदाला ५० मीटर दिसतो : दोष जाळीचा की पृष्ठताणाचा?

उद्यमबागकर (प्रश्न)

नमस्कार. बेळगावच्या उद्यमबागेतील एका लहान फाउंड्रीत मी मेथड्सचे (ओतकामाच्या आखणीचे) काम पाहतो. पंपाच्या केसिंगचे सुमारे २८ किलोचे ग्रे आयर्न (करडे ओतीव लोखंड) कास्टिंग आम्ही ग्रीन सँडमध्ये (ओलसर वाळूच्या साच्यात) ओततो आणि वरच्या फ्लँजजवळ (जोडणीच्या कडेजवळ) वारंवार ब्लो होल (वायूमुळे पडलेल्या पोकळ्या) निघतात. रस (वितळलेले लोखंड) साच्यात शिरताना हवा नेमकी कुठे कोंडते हे पाहावे म्हणून मी ओपनफोम या प्रवाहगणिताच्या सॉफ्टवेअरमधील इंटरफोम (रस आणि हवा दोन्ही एकत्र हाताळणारा भाग) वापरून साचा भरण्याचे सिम्युलेशन सुरू केले. स्प्रूच्या (रस ओतण्याच्या उभ्या वाटेच्या) तळाशी छेद २० गुणिले २० मिमी आहे, २०० मिमी उंचीवरून पडणाऱ्या रसाचा तेथील वेग सेकंदाला सुमारे २ मीटर धरला आहे आणि साचा ५ सेकंदांत भरतो. गणितासाठी साच्याची पोकळी ज्या लहान पेशींत विभागली आहे, त्या जाळीची पेशी २ मिमीची असून एकूण पेशी सुमारे ५ लाख आहेत. वर ४ गुणिले ४ मिमीचा एकच व्हेंट (हवा सुटण्याचे भोक) ठेवला आहे, बाकी सर्व भिंती बंद आहेत. हवेची घनता १.२ आणि रसाची ७००० किलो प्रति घनमीटर घेतली आहे.

अडचण अशी की कूरां अंक (एका कालपायरीत प्रवाह पेशीचा किती भाग ओलांडतो तो अंक) ०.५ वर मर्यादित ठेवल्यावर कालपायरी (गणित एका वेळी जेवढा काळ पुढे सरकते तो) २ गुणिले १० चा उणे पाचवा घात सेकंद इतकी खाली उतरते आणि या गतीने संपूर्ण गणितास आमच्या संगणकावर आठ-नऊ दिवस लागतील. हवेत काही ठिकाणी ५० मीटरचा वेग दिसतो, जो मला खोटा वाटतो. पृष्ठताणामुळे रस आणि हवेच्या सीमेलगत कृत्रिम प्रवाह निर्माण होतात असे वाचले आहे. पृष्ठताण काढून टाकावा की जाळी बारीक करावी?

घटप्रभाकाठ

आपण आकडे दिले आहेत, हे फार बरे झाले, कारण या प्रश्नाचे उत्तर त्यांतच आहे. प्रथम पृष्ठताणाकडे पाहू. त्यामुळे येणारी कालपायरीची मर्यादा ब्रॅकबिल, कोथे आणि झेमाक यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या, पृष्ठताण गणितात घेण्याच्या पद्धतीसोबतच दिली आहे : दोन्ही घनतांची बेरीज गुणिले पेशीच्या लांबीचा घन, भागिले ४ पाय गुणिले पृष्ठताण, आणि त्याचे वर्गमूळ. वितळलेल्या लोखंडाचा पृष्ठताण ढोबळमानाने १ न्यूटन प्रति मीटर धरला, तर २ मिमी पेशीसाठी ही मर्यादा सुमारे ०.००२ सेकंद येते. आपली कालपायरी तिच्या शंभरपट लहान आहे, तेव्हा पृष्ठताणावर आळ घेण्याचे कारण नाही.

आता व्हेंटकडे या. स्प्रूतून सेकंदाला ४०० चौमिमी गुणिले २ मीटर, म्हणजे ०.८ लिटर रस आत येतो. इंटरफोममध्ये हवा दाबली जात नाही. म्हणून जेवढा रस आत, तेवढीच हवा त्याच क्षणी बाहेर गेली पाहिजे. १६ चौमिमीच्या भोकातून ०.८ लिटर काढायचे म्हटल्यावर वेग बरोबर ५० मीटर येतो. तो खोटा नाही. आपण मांडलेल्या साच्याचे ते चोख उत्तर आहे. कूरां अंक ०.५, पेशी २ मिमी आणि वेग ५० मीटर यांवरून कालपायरीही आपल्या आकड्याशी तंतोतंत जुळते. जाळी निम्मी केल्यास कालपायरीही निम्मी होईल आणि पेशी आठपट वाढतील, म्हणजे दुखणे सोळापट.

या वेगाला ढकलणारा दाबही दुर्लक्षिण्यासारखा नाही. १.२ घनतेच्या हवेला ५० मीटरचा वेग देण्यास किमान १५०० पास्कल लागतात, म्हणजे सुमारे २२ मिमी लोखंडी रसाच्या स्तंभाएवढा दाब. तो भरतीला मागे रेटतो आणि रसाच्या पृष्ठाचा आकारही बदलतो. खऱ्या साच्यात असे घडत नाही, कारण वाळू हवा पाझरू देते. आपल्याकडचे मोल्डरमामा साच्यात तारेने भोके पाडतात, ते याच कारणासाठी; संगणकाला मात्र आपण चोहोबाजूंनी पोलादी पेटी दिली आहे. साच्याभोवती वाळूचा १५ ते २० मिमी थर गणिताच्या क्षेत्रात घ्या, त्याला सच्छिद्र माध्यम म्हणून डार्सीचा रोध (वेगाच्या प्रमाणात वाढणारा अडथळा) द्या आणि त्याच्या बाहेरच्या बाजूस वातावरणाचा दाब ठेवा.

१४०० अंशांवर हवेची घनता ०.२ च्या आसपास येते, त्यामुळे दोन घनतांचे गुणोत्तर तीस हजारांपलीकडे जाते. वास्तवाच्या मोहापायी तो आकडा घालू नका. १.२ वर गणित स्थिर राहते आणि हवा मोकळी सुटत असेल तर रसाच्या हालचालीत फारसा फरक पडत नाही.

खानापूरकर

वरील हिशोब योग्य आहे. मात्र मूळ प्रश्न ब्लो होलचा असल्याने दोन गोष्टी जोडतो. इंटरफोम ज्या पद्धतीवर चालते, ती हर्ट आणि निकोल्स यांनी १९८१ मध्ये मांडलेली व्हॉल्यूम ऑफ फ्लुइड पद्धत होय : प्रत्येक पेशीत रस किती आहे, हे शून्य ते एक यांमधील एका अंशाने सांगितले जाते. एखादा बुडबुडा नीट दिसायचा तर त्याच्या व्यासात दहाएक पेशी हव्यात. २ मिमीच्या जाळीत २० मिमीहून लहान बुडबुड्यावर विश्वास ठेवता येणार नाही, आणि आपले ब्लो होल बहुधा त्याहून पुष्कळ लहान असतील. गोकाकचा धबधबा ५२ मीटर खाली कोसळतो तेव्हा पाण्याचा जो पांढरा फेस होतो, तो कोणत्याही जाळीत पेशी-पेशीने पकडता येत नाही. तरी पाणी कोठे उलटते आणि हवा कोठे ओढून घेते, हे मोठ्या जाळीतही कळते. आपणही तेवढेच पाहावे : रसाचे पृष्ठ कोठे स्वतःवर दुमडते आणि कोणत्या कोपऱ्यात हवेची शेवटची पिशवी उरते.

दुसरे असे की ब्लो होलमधील वायू केवळ कोंडलेली हवा नसतो. ग्रीन सँडमधील ओलाव्याची वाफ होते. १ लिटर पाण्याची १०० अंशांवर सुमारे १७०० लिटर वाफ बनते, आणि तिचा आपल्या मॉडेलला पत्ताच नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात वाळू किती ओलावा धरते, हे वेगळे सांगायला नको. दोष पावसाळ्यात वाढत असतील तर सिम्युलेशनआधी वाळूचा ओलावा आणि परमिअ‍ॅबिलिटी (हवा पाझरू देण्याची क्षमता) तपासा.

पडताळ्यासाठी ॲक्रिलिकचा पारदर्शक साचा करून त्यात पाणी ओतून पाहणे उपयोगी पडेल. वितळलेल्या लोखंडाची गतिक श्यानता (घनतेने भागलेला चिकटपणा) पाण्याच्या जवळपास असल्याने मूळ मापाच्या साच्यात रेनॉल्ड्स आणि फ्राउड हे दोन्ही अंक (प्रवाहाच्या जडत्वाची अनुक्रमे चिकटपणाशी आणि गुरुत्वाशी तुलना करणारे) जवळजवळ जुळतात. मात्र ॲक्रिलिकही हवा पाझरू देत नाही, तेव्हा तेथे व्हेंट मोठे ठेवा.

उद्यमबागकर

दोघांचेही आभार. वाळूचा १५ मिमी थर घेऊन गणित पुन्हा लावले. हवेचा सर्वाधिक वेग ३ मीटरच्या आसपास आला आणि संपूर्ण भरती एका रात्रीत, साधारण साडेबारा तासांत पूर्ण झाली. शेवटची हवा फ्लँजच्या वरच्या कडेला नव्हे, तर कोअरच्या (कास्टिंगमधील पोकळी राखणाऱ्या वाळूच्या गाभ्याच्या) मागे उरलेली दिसते. ब्लो होल मात्र वरच्या कडेलाच येतात, त्यामुळे ओलाव्याची शंका मला आता अधिक रास्त वाटते. मागील वर्षाची रिजेक्शनची नोंदवही काढून महिन्यांप्रमाणे आकडे लावतो आहे.

खानापूरकर

नोंदवहीत कोअर किती दिवस पडून होता, हेही मिळाले तर पाहा. शिळ्या कोअरने ओढून घेतलेला ओलावाही अशाच जागी बाहेर येतो.