मदत हवी आहे: डिझायनर परिषद ठरली, पण नोंदणीच होईना

औसारोड
नमस्कार मंडळी. आम्ही काही जण मिळून डिझाइनच्या धंद्यातल्या लोकांसाठी एक दिवसाची परिषद घेतोय. वक्ते ठरलेत, हॉल बघून ठेवलाय, पोस्टर व्हॉट्सॅपवर फिरतंय. नोंदणी मात्र हलत नाही. फोन केला की सगळे "चांगलं करायलात, बघू" म्हणतात आणि पुढं काहीच नाही. एक प्रायोजक पैसे द्यायला तयार आहे, तो विचारतोय चेक कुणाच्या नावानं काढू. दोनच प्रश्न आहेत: प्रवेश फुकट करू का, आणि प्रायोजकाचे पैसे कसे घ्यायचे? सोमवारी हॉलचे पैसे भरायचेत, तेव्हा जरा लवकर सांगा.

हिमरू
कुठं आहे परिषद? तारीख काय? तिकीट किती ठेवलंय? पोस्टर इथं टाकलं असतं तर बरं झालं असतं.

कर्वेनगरचा
मी सांगतो. व्याख्यानं ठेवूच नका. बारकॅम्प घ्या. 2005 साली अमेरिकेत पहिलं झालं, नंतर पुण्यातही झाली. आधी कार्यक्रमपत्रिका नसते. सकाळी फळ्यावर ज्यानं त्यानं आपला विषय लिहायचा, ज्याला जिथं बसावं वाटेल तिथं बसायचं. खर्च नाही, वक्त्यांचे नखरे नाहीत. पुण्यात मी स्वतः अशांमधूनच शिकलो.

औसारोड
लातूर. 29 नोव्हेंबर, रविवार. तिकीट 500, विद्यार्थ्यांना 300. त्यात जेवण आहे. वक्ते चार, तिघे पुण्याचे आणि एक मुंबईचा. फुकट करू का, तेवढं सांगा.

हिमरू
लातूर का? संभाजीनगरला घ्या. शासकीय कला महाविद्यालय इथं आहे, वास्तुकलेची आणि डिझाइनची कॉलेजं आहेत, विमान आहे, नांदेड-परभणी-जालन्याहून थेट रेल्वे आहे. पाहुण्यांना दुसऱ्या दिवशी वेरूळ दाखवता येईल. फक्त मंगळवार धरू नका, वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी.

तगर
सगळं संभाजीनगरलाच का न्यायचं? धाराशिव, बीड, लातूरच्या पोरांना रविवारी पहाटे निघून संभाजीनगर गाठायचं म्हणजे शनिवारचा मुक्काम आला. 2022 साली उदगीरला 95 वं अखिल भारतीय साहित्य संमेलन झालं, तेही एप्रिलच्या उन्हात. तालुक्याचं गाव ते पेलू शकतं तर लातूरला एक दिवसाची परिषद का होऊ नये?

हिमरू
साहित्य संमेलनामागे सरकार असतं, निधी असतो. तुलना बरोबर नाही.

गोदाकाठ
नांदेडला माझा फ्लेक्स आणि ऑफसेटचा व्यवसाय आहे, म्हणून बोलतो. भाऊ, तुमचं तिकीट महाग नाही, तुमची तारीख चुकीची आहे. तुळशीचं लग्न झालं की पत्रिकांचा सीझन सुरू होतो. 29 नोव्हेंबरला एकही पत्रिकावाला दुकान सोडणार नाही. गिऱ्हाईक रात्री अकराला प्रूफ बघायला येतं, "मामाचं नाव वर घ्या" म्हणतं आणि सकाळी छापून पाहिजे असतं. अशा दिवसांत माझा ऑपरेटर मी तुमच्याकडं पाठवीन का? आणि रविवार हा आमचा सुट्टीचा वार नाही, सगळ्यात गर्दीचा वार आहे.

तुमची परिषद कुणासाठी आहे ते आधी सांगा. पोस्टरवर "क्रिएटिव्ह प्रोफेशनल्स" लिहिलं असेल तर माझ्या दुकानातल्या पोराला ते त्याच्यासाठी आहे असं वाटणारच नाही. तो बारा वर्षं कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर काम करतो, पण स्वतःला डिझायनर म्हणत नाही. ऑपरेटर म्हणतो.

औसारोड
हो, पोस्टरवर तेच लिहिलंय. आणि आम्हाला हेच लोक पाहिजेत, म्हणून तर लातूरला घेतोय. इथला सगळा छपाईचा धंदा क्लासेसवर उभा आहे. निकाल लागला की टॉपरचे बोर्ड, जूनमध्ये प्रवेशाच्या जाहिराती, वर्षभर नोट्स आणि टेस्ट सिरीज. एवढं काम या गावात होतं आणि ते करणारा माणूस चौरस फुटाच्या भावात मोजला जातो. डिझाइनचे वेगळे पैसे मागितले तर "ते तर फ्लेक्समध्येच आलं ना" म्हणतात. हे बदलावं म्हणून सगळा खटाटोप चाललाय. पण तारीख आता कशी बदलू? वक्त्यांनी तिकिटं काढली असतील.

चित्रवही
दादा, मी अप्लाइड आर्टच्या शेवटच्या वर्षाला आहे. 300 रुपये आम्हाला जास्त नाहीत, पण आमच्या वर्गातली बरीच मुलं परभणी-हिंगोलीकडची आहेत, त्यांना जाण्यायेण्याचे वेगळे लागतात. आणि वक्ते काय बोलणार हे पोस्टरवर कुठंच नाही. नुसते फोटो आणि कंपन्यांची नावं आहेत. आमचा पोर्टफोलिओ कुणी बघून देणार असेल तर आम्ही नक्की येऊ.

मात्रावेलांटी
पोस्टर मलाही आलं. मजकुरावर बोलत नाही, पण त्यातला "ल" दांडीचा आहे. लातूरच्या परिषदेच्या पोस्टरवर लातूरचाच ल हिंदी वळणाचा! 6 नोव्हेंबर 2009 च्या शासन निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल सांगितलेला आहे. युनिकोड, म्हणजे मोबाइल-संगणकावर सगळीकडं चालणाऱ्या, फाँटात मराठी वळणाची सोय असेल तर सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडा, अक्षर आपोआप बदलतं. डिझायनरांच्या परिषदेत हे दिसायला नको.

गोदाकाठ
ल बदलून नोंदणी होणार आहे का?

मात्रावेलांटी
होणार नाही. पण जी परिषद "आमच्या कामाला किंमत द्या" म्हणते तिनं आपल्या अक्षराला किंमत द्यायला नको का? तुमच्याच दुकानात विचारतो: गिऱ्हाईक मोबाइलवरून युनिकोडमध्ये मजकूर पाठवतं, तुमचा ऑपरेटर श्रीलिपी या जुन्या फाँटांच्या सॉफ्टवेअरमध्ये तो पुन्हा टाइप करतो. बरोबर? एक पत्रिका, दोनदा टायपिंग, दोनदा चुका. फाइल दुसऱ्या दुकानात गेली की अक्षरं फुटू नयेत म्हणून सगळं कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या करून, द्यायचं, आणि पुढं तारीख बदलायची म्हटलं की मूळ फाइल सापडत नाही. यावर एक तास शिकवणारा माणूस आणा, बघा दुकानदार स्वतः पोरांना पाठवतात की नाही.

गोदाकाठ
हे मात्र खरं. यासाठी मी स्वतः येईन. पण नोव्हेंबरात नाही.

हिशेबवही
चेकचा प्रश्न सगळ्यांनी सोडून दिला म्हणून लिहितो. औसारोड, तुमची नोंदणीकृत संस्था आहे का? की मित्रांचा गट आहे? प्रायोजक देणगी देतोय की बॅनरवर नाव लावून घेतोय? रक्कम किती? हे कळल्याशिवाय नेमकं सांगता येत नाही.

औसारोड
संस्था नाही, गट आहे. रक्कम 60 हजार. मुख्य बॅनरवर नाव पाहिजे म्हणतात. एक क्लास आहे, नाव सांगत नाही. माझ्या बचत खात्यात घेतले तर चालतील का?

हिशेबवही
घेऊ नका. वैयक्तिक खात्यात आले की कागदोपत्री ते तुमचं उत्पन्न दिसतं आणि खर्चाची एकेक पावती तुम्हाला दाखवत बसावं लागतं. उद्या गटात कुणी हिशेब मागितला तर मैत्रीही जाते. संस्था काढायची तर किमान सात जण लागतात, आणि आपल्या राज्यात 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली संस्था 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही नोंदवावी लागते. धर्मादाय कार्यालयातलं हे काम महिनाभरात उरकत नाही. यंदा सोपा मार्ग म्हणजे जिथं हॉल घेताय त्या कॉलेजला किंवा आधीच नोंदलेल्या एखाद्या कलासंस्थेला सहआयोजक करा. चेक त्यांच्या नावानं, खर्च त्यांच्या खात्यातून, आणि गटाबरोबर दोन पानांचं लेखी पत्र.

दुसरी गोष्ट. बॅनरवर नाव लावून पैसे दिले तर ती जाहिरात झाली, देणगी नाही. त्याला देणगीवरच्या करसवलतीची पावती मागू देऊ नका, तो खर्च त्यानं धंद्याचा जाहिरातखर्च म्हणून दाखवायचा. सहआयोजक संस्थेला जीएसटी क्रमांक असेल तर बिल तसं निघेल, ते त्यांच्या सीएला विचारा.

कर्वेनगरचा
या सगळ्या भानगडीत पडण्यापेक्षा टेडएक्सचा, म्हणजे टेड या भाषणांच्या परिषदेच्या नावानं आपल्या गावात कार्यक्रम घ्यायचा, परवाना घ्या. फुकट मिळतो, नाव मोठं आहे, प्रायोजक मागं लागतील.

तगर
परवाना घेणाऱ्यानं आधी टेडच्या परिषदेला हजेरी लावलेली नसेल तर शंभरच माणसं बसवता येतात. आणि तिथं भाषणं ऐकायची असतात. इथं लोकांना शेजारी बसून फाइल उघडून दाखवायची आहे. दोन्ही वेगळी कामं आहेत.

नाव मोठं करायचंच असेल तर आपलं करा. तेर, जुनं तगर, लातूरपासून लांब नाही. तिथं आणि भोकरदनला सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पाँपेईत सापडलेल्या मूर्तीच्या जवळच्या आहेत. पाँपेई इसवी सन 79 मध्ये राखेखाली गेलं, म्हणजे त्याच्या आधीच इकडची कारागिरी तिकडं पोचली असावी. तेरच्या संग्रहालयात शनिवारी सगळ्यांना न्या. पाहुण्यांना कळू द्या की इथं डिझाइन पुण्याहून आलेलं नाही.

हिमरू
मग पैठणी आणि हिमरूचे विणकरही बोलवा की. पैठणीचा मोर ग्राफवर उतरवणारा माणूस डिझायनरच आहे.

गोदाकाठ
बोलवा, पण दिवसभराची मजुरी देऊन बोलवा. हार घालून आणि शाल देऊन माग बंद ठेवायला लावू नका. पुण्याच्या वक्त्याला गाडीभाडं देता, विणकराला "मंच दिला" म्हणता, असं होऊ देऊ नका.

रंगसंगती
इथं कुणी लोगोचा रेट काय घेतं? मला कृषी सेवा केंद्राचा लोगो करायचा आहे.

चित्रवही
वेगळा धागा काढा ना, प्लीज.

औसारोड
सगळं वाचलं, आता थोडं नीट विचारतो. तारीख हलवायची तर कुठं? डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलनं असतात, हॉल मिळत नाही. फेब्रुवारीत बारावीच्या परीक्षा, कॉलेज हॉल देणार नाही. उन्हाळ्यात लग्नं आणि बेचाळीस डिग्री. जूनमध्ये प्रवेशाचे बोर्ड. गणपती ते दिवाळी पुन्हा फ्लेक्स. मग घ्यायची तरी कधी?

गोदाकाठ
पितृपक्ष आमचा सगळ्यात रिकामा असतो. लग्न नाही, उद्घाटन नाही, दुकानाची ओपनिंग नाही.

हिमरू
पितृपक्षात परिषदेचं उद्घाटन करायला कुठला प्रायोजक तयार होईल? आणि यंदाचा तर गेलासुद्धा.

गोदाकाठ
मग पौष. पौषातही लग्नं नसतात. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यानं पौष पुढं गेलाय, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आहे. 26 जानेवारी झाली की शाळांची गॅदरिंग संपतात. 31 जानेवारीला रविवार आहे. हॉल मिळेल, मी येईन, माझी दोन पोरं येतील. हवा गार असते, एसीचा खर्च वाचतो. कॉलेजकडून मात्र आताच लेखी घ्या.

हिशेबवही
सोमवारी पैसे भरण्याआधी हॉलवाल्यांना तारीख बदलून मिळते का ते विचारा. भरल्यावर विचारलं तर अनामत अडकते.

औसारोड
वक्त्यांशी बोललो. पुण्याच्या दोघांना 31 जानेवारी चालतंय, त्यांनी तिकिटं काढलेली नव्हती. मुंबईच्या सरांना जमत नाही. त्यांचंच नाव पोस्टरवर सगळ्यात मोठं होतं, त्यामुळं प्रायोजक काय म्हणतो ते बघायचंय. तिसऱ्याचा फोन लागलेला नाही.

फुकट करू की नको, ते अजून कुणी सांगितलं नाही.

गोदाकाठ
करू नका. फुकट ठेवलं की नावं भरपूर येतात, माणसं येत नाहीत, आणि जेवण वाया जातं. व्यावसायिकांना 500 च ठेवा. दुकानदारानं पाठवलेल्या ऑपरेटरला 300. विद्यार्थ्यांकडून 100 घ्या आणि बाकीचं प्रायोजकाच्या पैशातून भरून काढा.

चित्रवही
आणि पोर्टफोलिओचं काय?

औसारोड
दुपारचे दोन तास व्याख्यान नाही, सहा टेबलं. दोनांवर पोर्टफोलिओ, एकावर युनिकोड आणि फाइल जपून ठेवणं, एकावर छपाईला द्यायची फाइल (रंग, कडेची जादा छपाई म्हणजे ब्लीड, कर्व्ह), एकावर दर, कोटेशन आणि ॲडव्हान्स कसा मागायचा, एकावर विणकर, पूर्ण मजुरी देऊन. सकाळी फक्त दोन व्याख्यानं. त्यानंतर इथल्याच दहा जणांना पेचाकुचा पद्धतीनं वीस चित्रं, प्रत्येकी वीस सेकंद. म्हणजे एकाला पावणेसात मिनिटांच्या आत संपवावंच लागतं. कर्वेनगरचा, तुमचं बारकॅम्प पूर्ण नाही घेत, इथं पहिल्यांदाच येणारा माणूस आपणहून फळ्यावर नाव लिहिणार नाही. पण सातवं टेबल रिकामं ठेवतो, ते तुम्ही चालवा.

युनिकोडच्या टेबलाला माणूस नाही. मात्रावेलांटी, तुम्ही याल का? मानधन देऊ, थोडं असेल.

मात्रावेलांटी
येतो. श्रीलिपीतल्या जुन्या फाइली घेऊन या म्हणून नोंदणीच्या फॉर्मवरच लिहा. आणि पोस्टर पुन्हा करणारच आहात तर छापण्याआधी मला पाठवा.

देवणी
आमचं गावात डीटीपीचं दुकान आहे. हा धागा आज बघितला. 31 ला तिघं येतो. फॉर्मची लिंक कुठंय? आणि पैसे कॉलेजच्या खात्यात भरायचे की तुमच्या?

औसारोड
दादा, अजून भरू नका. कॉलेजचं पत्र आलं की त्यांच्या खात्याचा क्यूआर इथंच टाकतो. तोवर फॉर्ममध्ये नुसती नावं भरा, लिंक संध्याकाळपर्यंत देतो. जुन्या फाइली तेवढ्या पेनड्राइव्हवर घ्या.